नाईट ड्युटीची कॉफी: किती, कधी आणि कशाबरोबर

पहाटे पावणेपाच. चार नंबरच्या आजींचं इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घालतात ती नळी) सुजलं होतं, नवीन टाकायचं होतं. दंडाला टूर्निकेटचा पट्टा बांधला, हातावर टिचक्या मारल्या, शीर छान वर आली. बोटाला लागत होती, डोळ्यांना दिसत होती. आणि सुई धरलेला माझा हात थरथरायला लागला. घाबरले वगैरे नव्हते, एकोणीस वर्षं आयसीयूतच नर्स आहे. दोनदा टोचलं, दोन्ही वेळा शीर फुटली. आजी सुजलेल्या हाताकडे बघत म्हणाल्या, "पोरी, तूच जरा पड इथं, मी बसते खुर्चीत." शेवटी ब्रदरला, म्हणजे आमच्या पुरुष नर्सला, हाक मारली, त्याने एका झटक्यात टाकलं.

त्या रात्री तोपर्यंत माझे चार मग कॉफी झाले होते. दहा, बारा, दोन आणि चार वाजता. सगळं आवरल्यावर रिकाम्या बेडच्या मॉनिटरच्या लीड्स मी स्वतःच्या छातीला लावून बघितल्या. ठोके ११६, आणि मधूनच एखादा ठोका वेळेआधी उडी मारून येणारा. छातीत काहीतरी फडफडतंय असं महिनाभर वाटत होतं, ते हेच.

रात्रभर मी दर पेशंटच्या चार्टवर औषधाचं नाव, डोस, वेळ लिहून सही करते. एक मिलिग्रॅम इकडचं तिकडं झालं तर डॉक्टरांना फोन करते. आणि स्वतः मात्र एक औषध, हो, कॅफिन हे औषधच आहे, कुणाच्या ऑर्डरशिवाय, डोस न मोजता, हात जाईल तेव्हा घेत होते. त्यानंतर मी माझ्या कॉफीचाही चार्ट केला. दोन वर्षं झाली, अजून पाळते. कॉफी सोडलेली नाही. बारा तासांच्या नाईटला कॉफी सोडा म्हणणाऱ्याने एकदा आमच्याबरोबर चार रात्री काढून दाखवाव्यात.

आधी मोजायचं. चहाच्या चमच्याने सपाट एक चमचा इन्स्टंट कॉफी म्हणजे साधारण दोन ग्रॅम पावडर, त्यात साठेक मिलिग्रॅम कॅफिन. मी टाकत होते शिगोशीग दोन चमचे. ते सरळ तीन चमच्यांच्या बरोबरीचं होतं, म्हणजे एका मगात १८०. चार मगांचे ७२०. निरोगी मोठ्या माणसाने दिवसभरात ४०० च्या आत आणि एका वेळी २०० च्या आत राहावं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१५ मध्ये सांगितलंय. गरोदर बाईने दिवसाला २००. मी जवळजवळ दोन मोठ्या माणसांच्या वाट्याचं पीत होते, आणि वर म्हणत होते, "माझे तर चारच कप होतात."

यात घरचा चहा धरलेला नाही. एक कप चहाचे तीस ते पन्नास धरा. ड्युटीआधीचे दोन चहा, कुणीतरी आणलेला कोला, हे सगळं त्याच हिशेबात येतं. एनर्जी ड्रिंकच्या लहान डब्यात पंच्याहत्तरच्या आसपास असतं, डब्यावर छापलेलं असतं, वाचा. व्हेंडिंग मशीनचं प्रीमिक्स असेल तर कॅफिन कमी आणि साखर जास्त, त्यामुळे पोरं सहा-सहा कप पितात आणि पोटात जाणारी साखर कुठल्या कुठे पोचते.

चिकोरी ही आपल्याकडे दुर्लक्षित राहिलेली सोय आहे. आमच्या युनिटला कोट्टायमची एक सीनियर आहे, सगळे तिला चेचीच म्हणतात, मल्याळममध्ये ताई. ती घरून स्टीलच्या फिल्टरचं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, बाटलीत घालून आणते. तिच्या पावडरीत चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाची भाजलेली मुळं. रंग तोच, कडूपणा तसाच, कॅफिन शून्य. आपल्याकडच्या बऱ्याच इन्स्टंट कॉफ्यांतही ती असते, पाकिटाच्या मागे कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के असं लिहिलेलं सापडेल. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के लागते. म्हणजे शुद्ध कॉफीच्या बाटलीऐवजी मिश्र पाकीट घेतलं तरी चव फारशी न बिघडता डोस जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उतरतो. कॉफी दळून देणाऱ्या दुकानात तर सांगाल त्या प्रमाणात मिसळून देतात. मी आता मिश्र पाकीटच आणते. हिशेब मात्र साठनेच करते, जरा सैल असलेला बरा.

आता वेळ. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथेच सगळे चुकतात. मीही चुकत होते.

कॅफिनचं हाफ-लाईफ पाचेक तासांचं. म्हणजे आत गेलेल्यातलं निम्मं पाच तासांनीही अंगात फिरत असतं. कुणात कमी, कुणात खूप जास्त, पण पाच धरा. माझ्या चार मगांचा हिशेब मी एकदा केस पेपरच्या पाठीवर मांडला होता. सकाळी दहाला मी अंथरुणाला पाठ टेकते. तेव्हा दहाच्या मगातलं ३४ मिलिग्रॅम उरलेलं, बाराच्यातलं ४५, दोनच्यातलं ५९ आणि चारच्यातलं ७८. बेरीज २१६. म्हणजे मी सपाट एका चमच्याची साडेतीन कप कॉफी पिऊन झोपायला जात होते आणि वर भंगारवाल्याला शिव्या घालत होते, की हा मेला झोपू देत नाही.

तो झोपू देत नाही हेही खरंच. पण २०१३ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलेल्या लोकांची झोप तासाभराहून जास्त तुटली होती. आणि दिवसा आपल्याला मिळतेच किती झोप? पाच तास? त्यातला एक गेला की दुसऱ्या रात्री जास्त कॉफी लागते, की दुसऱ्या दिवशी आणखी कमी झोप. चार नाईट्स सलग असतील तर चौथ्या रात्री माणूस नुसता उभा असतो. कॉफीचा खरा त्रास रात्री होत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता होतो, छताकडे बघत पडल्यावर.

माझा चार्ट असा. पहिली कॉफी साडेदहाला. आठचा हँडओव्हर, नऊचा औषधांचा राऊंड होईपर्यंत धावपळच इतकी असते की झोप यायला फुरसत नसते, तेव्हाची कॉफी वाया जाते. दुसरी पाऊण वाजता. तिसरी आणि शेवटची अडीचला. प्रत्येक वेळी सपाट एकच चमचा, चमच्यावर बोट फिरवून सपाट केलेला. या तिन्हींचा हिशेब केला तर सकाळी दहाला अंगात पन्नासच्या आसपास उरतं. कुठे २१६ आणि कुठे ५०.

लहान लहान कप का? कारण मोठा मग घेतला की तासाभरात रक्तातली पातळी एकदम चढते. थरथर, धडधड, उगाच चिडचिड हे सगळं त्या चढावर होतं. नातेवाइकांशी माझी जी जी भांडणं झाली ती आठवून बघितली तर बहुतेक मोठा मग संपवल्यावर अर्ध्या-पाऊण तासातली आहेत. एक मग तीन कपांत वाटून घेतला की जागं राहायला तेवढीच मदत होते, शिखर येत नाही. आणि ज्या कामाला हात स्थिर लागतो, इंट्राकॅथ म्हणा, एबीजीसाठी धमनीतून रक्त काढणं म्हणा, ते कॉफीआधी उरकून घेते.

अडीचच्या कॉफीबरोबर डुलकी. हे चेचीने सांगितलं तेव्हा मी हसले होते, कॉफी पिऊन कुणी झोपतं का? पण त्यात शास्त्र आहे. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, झोप आणणारं. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. पण कॅफिनला चढायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात वीस मिनिटं डोळे मिटले की थोडं अ‍ॅडिनोसिन आपोआप उतरतं आणि उठायच्या वेळेला कॅफिन हजर होतं. इंग्लंडात लफबरो विद्यापीठात १९९७ मध्ये पेंगुळलेल्या ड्रायव्हर मंडळींवर हा प्रयोग झाला होता. नुसत्या कॉफीपेक्षा कॉफी आणि डुलकी दोन्ही मिळून जास्त उपयोग झाला.

कॉफी घोट घोट घेत बसायचं नाही, कोमट करून पटकन संपवायची, मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लावायचा आणि खुर्चीत मान टेकायची. झोप लागली नाही तरी चालेल. अर्ध्या तासाच्या पुढे मात्र जाऊ नका, गाढ झोपेतून उठवलेला माणूस पंधरा-वीस मिनिटं कामाचा नसतो, त्याच्या हातात इन्सुलिनची सिरिंज देऊ नये. हे ब्रेकमध्ये, जोडीदारीण जागी असताना आणि इनचार्जला माहीत असतानाच करायचं. युनिटला एकटी असाल तर अजिबात नाही.

मग चारला काय? चार ते पाच ही साखरझोपेची वेळ, शरीराचं तापमानसुद्धा तेव्हा सगळ्यात खाली असतं. आधी मी याच वेळेला सगळ्यात मोठा मग घ्यायचे. तो चढायचा साडेचार-पाचला आणि पुरायचा दुपारपर्यंत. आता चारला उठते आणि फिरते. सहाचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), युरीन बॅगा मोजणं, स्पंजिंगची म्हणजे पेशंटचं अंग पुसायची तयारी यातलं जे बसून करायचं नाही ते सगळं या तासाला ठेवलंय. नर्सिंग स्टेशनचे दिवे पूर्ण लावते, पेशंटच्या डोळ्यांवर येणार नाहीत असे. गार पाण्याने मनगटं आणि मान धुते. वॉर्डातल्या मदतनीस मावशींशी गप्पा मारते, त्यांच्या सुनेच्या गोष्टीत जी ताकद आहे ती कुठल्याही कॉफीत नाही. आणि पोटॅशियम, हेपॅरिन, इन्सुलिन, म्हणजे डोस चुकला तर जिवावर बेतणारी औषधं, यातलं काहीही या तासाला एकटीने भरत नाही. दुसऱ्या सिस्टरला दाखवूनच.

पोटाचा भाग जरा किचकट आहे, कारण दोन नियम एकमेकांच्या आड येतात. रिकाम्या पोटी कॉफी घेतली की जळजळतं. कॉफी पोटातलं आम्ल वाढवते आणि अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल करते, म्हणून आंबट पाणी वर येतं. मग वाटतं जेवणाबरोबर घ्यावी. पण जेवणाबरोबर कॉफी किंवा चहा घेतला की जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. माझं हिमोग्लोबिन ९.८ आलं होतं. मेथी, पालक, खजूर सगळं खात होते, आणि डबा संपता संपता मग हातात असायचा. आता डबा साडेअकराला, कॉफी पाऊणला. पोट रिकामंही नाही आणि कॉफी जेवणाला चिकटलेलीही नाही. अडीचच्या वेळेला मूठभर फुटाणे किंवा एक केळं. लोहाची गोळी कॉफीच्या आसपास फिरकूही देत नाही.

डब्यात भाकरी-भाजी, नाहीतर मुगाची खिचडी. गेटबाहेरच्या गाडीवरचा वडापाव रात्री एकला अमृतासारखा लागतो, मला माहीत आहे. पण त्यावर कॉफी गेली की तीनला छातीत निखारे. मग ड्रॉवरमधली अ‍ॅसिडिटीची गोळी, उद्या परत वडापाव, परत गोळी. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे फार सोपं वाटतं, औषध हाताशीच असतं ना. दोन आठवड्यांच्या वर गोळी लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. शी डांबरासारखी काळी होत असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांसाठी: ती उपाशीपोटी पाण्याबरोबर, आणि कॉफी तिच्यापासून निदान अर्धा-पाऊण तास लांब. नाईटवाल्यांची सकाळ कुठली हाच प्रश्न असतो. मी डॉक्टरांना विचारून असं ठरवलं की पावणेनऊला घरी आल्या आल्या गोळी, मग आंघोळ, साडेनऊला थोडं खाणं, मग झोप.

औषधांचंच निघालंय तर आणखी दोन-तीन. दम्यासाठी डेरिफायलिन चालू असेल तर कॉफी जवळजवळ बंदच ठेवा. त्यातलं थिओफायलिन आणि कॅफिन ही चुलत भावंडं, दोघं मिळून छाती धडधडवतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर यकृत कॅफिन सावकाश काढतं, तेवढे दिवस निम्म्यावर या. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींच्या अंगात कॅफिन जवळपास दुप्पट वेळ राहतं. त्यांनी शेवटची कॉफी बारालाच संपवावी असं माझं मत. उलट सिगारेट ओढणाऱ्यांच्या अंगातून ते लवकर जातं. आमच्या एका ब्रदरने सिगारेट सोडली, आणि आठवड्यातच म्हणायला लागला की मला काहीतरी झालंय, छाती धडधडते, झोप नाही. झालं काहीच नव्हतं, कॉफी तेवढीच होती आणि ती आता लवकर उतरत नव्हती. कॉफी निम्मी केली, सुधारला. सिगारेट परत धरली नाही, हे विशेष.

धडधड सुरू झालीच तर? पहिलं, हातातला कप खाली ठेवा. बसा, पाणी प्या, श्वास सावकाश सोडा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा, पंधरा सेकंदांना चारने गुणू नका, चुकलेला ठोका त्यात निसटतो. थोड्या वेळात शांत झालं तर ठीक, त्या रात्री कॉफी बंद. छातीत दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, दम लागतोय किंवा नाडी वेडीवाकडी लागतेय, तर "कॉफीनेच असेल" असं स्वतःच ठरवून गप्प बसू नका. ड्युटी डॉक्टर समोर असतात, ईसीजी मशीन दहा पावलांवर असतं, आणि आपणच सगळ्यात शेवटी दाखवतो. बीपी असेल, पूर्वी ठोक्यांचा त्रास असेल, पॅनिकचे झटके येत असतील तर किती कॉफी चालेल हे आधीच विचारून ठेवा.

पाण्याबद्दल. कॉफीने लघवी थोडी वाढते, फार नाही. पण आमच्यातल्या निम्म्या जणी स्टाफचं टॉयलेट दुसऱ्या मजल्यावर म्हणून पाणीच पीत नाहीत. एसीत बारा तास, पाणी एक ग्लास आणि कॉफी चार मग. मग डोकं दुखणारच. दर कॉफीमागे एक ग्लास पाणी, आणि टॉयलेटला जायला लाजायचं नाही. पहाटे कॉफीने पोट एकदम साफ व्हायला धावतं, हाही एक छुपा त्रास. माझा तो चारचा मग बंद झाला तसा आपोआप गेला.

सकाळी घरी जाताना गॉगल लावते, ऊन डोळ्यांत गेलं की मेंदूला वाटतं दिवस सुरू झाला. पण पापण्या जड असतील तर गॉगल बिगल काही नाही, स्कूटी स्टँडलाच ठेवून रिक्षाने जायचं. निघताना घेतलेली कॉफी रस्त्यावर पुरेलच असं नाही, आणि झोपेची तर माती होतेच. खोलीच्या खिडकीला मी काळी जाड चादर खिळे ठोकून लावली आहे, दिसायला भयंकर दिसते. सासूबाईंनी बेलचं बटण बंद केलंय, घंटागाडी आली की त्याच खाली जातात.

राहिली सुट्टी. ऑफच्या दिवशी कॉफी नसली की संध्याकाळी कपाळ ठणकायचं. मला वाटायचं रात्रीचं जागरण बाहेर पडतंय. एक सॅरिडॉन घेतली की अर्ध्या तासात बरं. मग एकदा पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली: कॅफिन ५० मिलिग्रॅम. म्हणजे मी कॉफी तुटल्याच्या डोकेदुखीवर कॉफीच घेत होते, गोळीच्या रूपात. सवय मोडली की बारा ते चोवीस तासांत हे डोकं दुखायला लागतं आणि दोन दिवसांनंतरही रेंगाळू शकतं. म्हणून एकदम तोडू नका. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा चमचा कमी. मला चार मगांवरून तीन सपाट चमच्यांवर यायला दीड महिना लागला, आणि पहिल्या आठवड्यात घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं.

आता ऑफला दुपारी चारला एकच अर्धा कप, सासूबाईंच्या हातचा. भरपूर दूध, भरपूर साखर आणि किसणीवर चार वेळा फिरवलेलं जायफळ. चेचीला हे सांगितलं तेव्हा तिला कळेचना. आमच्याकडे बाळाला झोप लागावी म्हणून गुटीत जे जायफळ उगाळतात तेच आम्ही जागं राहायच्या पेयात घालतो. "मग तुम्ही नक्की काय करता, झोपता की जागता?" तिने विचारलं. मी म्हटलं, आमची कॉफी पाहुण्यांसाठी असते गं, ड्युटीसाठी नाही.